सोन्याचे दळण
(बी. ए. द्वितीय वर्ष)

दसऱ्याला आपण एकमेकांना आपट्याची पाने देतो, 'सोने घ्या, सोन्यासारखे राहा' म्हणतो आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. ज्यांना परवडते ते त्याच दिवशी सराफाकडे जाऊन गुंजभर का होईना, खरे सोने घेतात. सोनाराच्या मुशीतून बाहेर पडल्यावर सोन्याचे पुढे काय होते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याची बोरमाळ होते, लेकीच्या लग्नात ती मोडून दुसरे काही होते, आणि दुष्काळ पडला की तेच गहाण पडते. पण मुशीच्या अलीकडे ते कोठून येते? हा प्रश्न मी वर्गातील मित्रांना विचारला तेव्हा एकजण म्हणाला, नदीच्या वाळूत सापडते. दुसरा म्हणाला, कोलारच्या खाणीत. तिसऱ्याने दुबई असे उत्तर दिले. तिन्ही उत्तरांत थोडेथोडे तथ्य आहे (कोलारची खाण मात्र २००१ सालीच बंद झाली). परंतु तिन्ही उत्तरांत एक क्रियापद राहून गेले आहे. खडकातले सोने नुसते खणून हाती येत नाही. ते दळावे लागते.

या दळणाविषयी लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारील. मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी नाही. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. पण आमचे घर पाथरवटाचे आहे. आजोबा, वडील, चुलते सगळ्यांनी जाती, पाटे, वरवंटे, उखळे घडवून आणि गावोगाव जात्यांना टाकी लावून पोट भरले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे ग्रंथालयातल्या पुस्तकात 'प्राचीन काळी धातुपाषाणाचे चूर्ण करीत' असे एक वाक्य वाचले की इतर विद्यार्थी पुढच्या ओळीवर जातात, आणि मी मात्र तेथेच अडकतो. चूर्ण कशावर करीत? दगड कोणता होता? तो बसून करीत की उभ्याने? किती वेळ? कोण?

प्रथम सोने खडकात कसे असते ते सांगितले पाहिजे. अतिप्राचीन खडकांना खोलवर भेगा पडल्या, त्यांतून तप्त पाणी वर चढले आणि निवताना त्या भेगांत गारगोटीचा थर साचला. चकमकीने ठिणगी पाडतात तीच ही गारगोटी. या पांढऱ्या थराला शीर म्हणतात. शिरेत कोठेकोठे सोन्याचे कण अडकलेले असतात. पण ते इतके बारीक, की बहुधा डोळ्यांना दिसतच नाहीत. आजच्या खाणीत एक टन दगडातून तीन-चार ग्रॅम सोने निघाले तरी तो दगड चांगला समजतात. टनाला चार ग्रॅम धरा. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. म्हणजे तोळाभर सोन्यासाठी जवळजवळ तीन टन गारगोटी फोडून तिचे पीठ करावयाचे. एका बैलगाडीत टनभर दगड मावतो असे मानले तर तीन गाड्या. गारगोटी ही ज्वारी नव्हे. ती पोलादावर ओरखडा काढते. आपल्या आईच्या गळ्यातील डोरल्याकडे पाहून कोणी हा हिशेब करीत नाही, आणि करूही नये म्हणा.

नदीतले सोने याहून सोपे. तेथे डोंगर फोडण्याचे आणि दगड दळण्याचे काम पाण्याने लाखो वर्षे करून ठेवलेले असते. वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाट-भंडाऱ्याकडे, वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझरी लोक होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्यांची जात म्हणून नोंद आहे. पण ज्याला शिरेतले सोने हवे त्याला नदीचे काम स्वतःच्या हातांनी, एका आयुष्यात करावे लागते.

आपल्या जिल्ह्यात अशी शीर नाही. धाराशिवची बालाघाटची रांग, नळदुर्गचा बोरी नदीकाठचा कातळ, परंड्याच्या किल्ल्याचा दगड, हे सगळे ज्वालामुखीच्या लाव्हाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरला. भूगर्भशास्त्राच्या मानाने ही अगदी कालची गोष्ट. सोन्याच्या शिरा ज्या खडकांत असतात ते अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. ते आपल्याही पायांखाली असावेत अशी कल्पना पूर्वीपासून होती. तिचा पुरावा एका मोठ्या दुःखातून मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारी आणि आपल्याकडचे सास्तूर, लोहारा, उमरगा हे भाग उद्ध्वस्त झाले. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यांना ३३८ मीटरपर्यंत काळा पाषाण लागला, त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग तो जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. दक्षिणेकडे कृष्णेच्या दिशेने गेले की काळ्या पाषाणाची ही गोधडी संपते आणि जुना खडक उघडा पडतो. तेथे, कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दुआबात, रायचूर जिल्ह्यातील लिंगसुगूरजवळ हट्टी हे गाव आहे. तेथली सोन्याची खाण आजही चालू आहे.

हट्टी आज कर्नाटकात असली तरी आपल्याला ती परकी नाही. १९५६ पर्यंत उस्मानाबाद आणि रायचूर हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. निजामाच्या कारभारात तर ते एकाच गुलबर्गा सुभ्यात मोडत. आमच्या पणजोबांच्या पिढीतले लोक टाकी लावीत लावीत अक्कलकोट, आळंद, गुलबर्गा करीत त्या मुलखापर्यंत जात. घरात अजूनही दोन-चार कानडी शब्द त्यामुळेच राहिले आहेत.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हट्टीचा शेजारी ठाऊक असतो. तो म्हणजे मस्कीचा शिलालेख. सम्राट अशोकाचे बहुतेक लेख 'देवानांपिय पियदसी' या नावाने आहेत. प्रत्यक्ष 'अशोक' हे नाव प्रथम मस्कीच्या लेखात वाचले गेले आणि पियदसी म्हणजेच अशोक हे पक्के झाले. हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. पण हा लेख कोणाला सापडला? १९१५ साली तो सी. बीडन या इंग्रज अभियंत्याला सापडला, आणि हा गृहस्थ त्या डोंगरांत अशोकाला नव्हे, सोन्याला शोधत हिंडत होता. अशोकाच्या दक्षिणेकडील प्रांताच्या राजधानीचे नाव ब्रह्मगिरीच्या लेखात 'सुवर्णगिरी' असे आले आहे. ती मस्कीच होय, कनकगिरी होय, की आंध्रातील जोन्नगिरी होय, यावर विद्वानांत वाद आहेत. परंतु सम्राटाने आपला लेख आणि आपला अधिकारी सोन्याच्या शिरांच्या शेजारी का ठेवला, हे समजायला विद्वान होण्याची गरज नाही.

बीडनसारख्यांचा शोधही फार कठीण नव्हता, असे मला वाचताना वाटले. हट्टीला काय, कोलारला काय, नव्या कंपन्यांनी जेथे जेथे यंत्रे उभारली तेथे तेथे त्यांच्या आधी कोणीतरी खणून गेले होते. जुने खड्डे, दगडांच्या कचऱ्याचे ढीग आणि दळणाच्या खुणा पाहूनच साहेबांनी आपल्या खाणीच्या जागा निवडल्या. हैदराबाद डेक्कन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी हट्टीची खाण साफ करावयास घेतली तेव्हा जुन्या लोकांचे काम सुमारे ६४० फूट खोल गेलेले आढळले. एवढा खोल आड कल्पावा! खाणीत मिळालेल्या जुन्या लाकडांचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढले, ते सुमारे दोन हजार वर्षे भरले. म्हणजे आपल्या तेरला, त्या काळच्या तगरला, सातवाहनांची बाजारपेठ भरत होती आणि तेथला माल गाड्यांतून पैठणमार्गे भडोचला जात होता, त्याच सुमारास हट्टीला माणसे शिरेच्या मागोमाग जमिनीच्या पोटात उतरत होती. पुढे ती कंपनी १९२० च्या सुमारास बंद पडली. १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स या नावाने नवी कंपनी निघाली, आणि राज्य पुनर्रचनेनंतर तिला हट्टीचे नाव मिळाले.

सुरुंगाची दारू नसताना एवढे खोल जाण्याचे साधन होते ते म्हणजे विस्तव. शिरेला लागून लाकडे रचून पेटवीत. खडक तापून फुगला की त्यावर पाणी मारीत. तापलेला तवा एकदम पाण्याखाली धरला तर काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. खडकाला तडे जात. मग छिन्नी-हातोडा आणि पहार. जुन्या कामांत राख आणि कोळसा सापडतो तो याचा. या आगीचा आणखी एक उपयोग होता, तो पुस्तकांत एका ओळीत येतो. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. भाजलेली गार ठिसूळ होते आणि तिचे दळण निम्मे हलके होते. आमच्या आजीला हे सांगितले तेव्हा तिला काहीच नवल वाटले नाही. "भाजल्याबिगर डाळ भरडती व्हय रे कुनी?" असे ती म्हणाली.

आता मुख्य विषयाकडे येतो. फोडलेल्या दगडाचे पीठ करण्याची जगभरातील जुनी साधने पाहिली की ती सगळी आपल्या स्वयंपाकघरात सापडतात. इंग्रजी पुस्तकांत त्यांना वेगवेगळ्या देशांची नावे आहेत. आपल्याकडे त्यांना क्रियापदे आहेत. कांडणे, भरडणे, वाटणे, दळणे ही चार निरनिराळी कामे आहेत आणि मराठीत कोणी एकाच्या जागी दुसरे वापरीत नाही. मिरच्या कांडतात, डाळ भरडतात, चटणी वाटतात, ज्वारी दळतात. कांडण्यात वरून घाव असतो. वाटण्यात दाब आणि पुढे-मागे घासणे असते. दळण्यात दाब असतोच, पण चक्राकार फिरवणे असल्यामुळे दाणा मधून आत शिरतो आणि पीठ कडेने आपोआप बाहेर पडते. म्हणून जात्याला मध्येच थांबून भरावे लागत नाही. एका हाताने वैरत राहायचे आणि दुसऱ्या हाताने खुंटा फिरवायचा. दगडाच्या पिठालाही हेच नियम लागू पडतात. गारगोटीचा मोठा खडा एकदम जात्यात जात नाही. आधी तो कांडला पाहिजे, मग भरडला पाहिजे, शेवटी दळला पाहिजे.

यातले सर्वांत जुने साधन म्हणजे खडकच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी चुलत्यांबरोबर लिंगसुगूरकडे गेलो होतो. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. ते तरुणपणी त्या भागात कालव्याच्या कामावर आणि पुढे एका खडीच्या क्रशरवर होते. सोलापूर, विजापूर करीत एस. टी.ने गेलो. मुलूख आपल्या परंडा-भूमसारखाच कोरडा. फक्त दगड लालसर आणि गोल. खाणीत अर्थातच आम्हांला कोण सोडणार! पण त्या परिसरातील उघड्या खडकांवर जुन्या लोकांच्या दळणाच्या जागा आहेत, त्या तात्यांनी दाखविल्या. खडकाच्या सपाट पाठीवर परातीएवढे उथळ, गुळगुळीत खळगे. मी त्यांना उखळे म्हणालो. तात्या खाली बसले, आतून बोटे फिरविली आणि म्हणाले, "ही कुनी घडवल्याली न्हाईत. ह्येला टाकी लागलीच न्हाई. वापरून वापरून पडल्यात." पाथरवटाच्या बोटांना टाकीचा घाव आणि झिजण्याचा गुळगुळीतपणा यांतला फरक डोळे मिटूनही कळतो. म्हणजे तेथे कोणी कारागिराने उखळ करून दिले नव्हते. सपाट खडकावर गार ठेवून वर दगड फिरवीत, कांडीत, घासत माणसे बसली. आणि गारेचे पीठ होता होता खडकाचेही पीठ होत गेले. त्या खळग्याची खोली म्हणजे त्या बसलेल्या माणसांची हजेरी आहे.

हे बसणारे कोण होते? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींवरच्या अधिकाऱ्याचे, आकराध्यक्षाचे, सविस्तर प्रकरण आहे. सोन्यावरच्या अधिकाऱ्याचेही आहे. कोणता दगड सोनेरी, कोणती माती कसाची, हे त्यात सांगितले आहे. गार दळणाऱ्यांचा चेहरा मात्र त्यात दिसत नाही. तो पाहायचा तर दुसरीकडे जावे लागते. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात अगाथार्किडीस नावाच्या ग्रीक लेखकाने इजिप्तच्या दक्षिणेकडील सोन्याच्या खाणींचे वर्णन केले होते. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला, पण डायोडोरसने ते वर्णन उतरवून घेतल्यामुळे वाचले. तेथे कैदी आणि गुन्हेगार कामाला जुंपलेले असत. लहान मुले बोगद्यातून दगड बाहेर आणीत. तिशी ओलांडलेले पुरुष दगडी उखळात लोखंडी मुसळांनी तो कडधान्याच्या दाण्याएवढा होईपर्यंत कांडीत. तेथून तो स्त्रियांकडे आणि म्हाताऱ्यांकडे जाई. जाती ओळीने मांडलेली असत आणि एकेका खुंट्याला दोघे-तिघे लागून त्याचे बारीक पीठ करीत. त्या ग्रीक लेखकाने त्यांच्या हालांविषयी कळवळून लिहिले आहे.

आपल्या देशातले वर्णन याहून बरेच अलीकडचे आहे. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरच्या सरहद्दीची मोजणी करण्यासाठी नेमलेला लेफ्टनंट जॉन वॉरन १८०२ साली कोलारच्या भागात आला. (हा कोलार एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होता, हे जाता जाता सांगतो.) मारिकुप्पम या गावी त्याने गावकऱ्यांना सोने काढताना पाहिले. पुरुष खड्ड्यात उतरून दगड काढीत. टोपल्या हातोहात वर येत. वर बायका तो दगड एका मोठ्या खडकावर घेऊन जात, कांडून त्याची भुकटी करीत आणि मग विहिरीवर नेऊन धूत. कोणी सरदार नाही, कंपनी नाही, यंत्र नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, १८८० मध्ये, तेथे जॉन टेलर कंपनीचा कारभार सुरू झाला आणि कोलारचे नाव जगभर झाले. कोलारच्या इतिहासात वॉरनचे नाव आदराने घेतले जाते. मला विचाराल तर, वॉरनने सोने शोधले नाही. दळणाऱ्या बायका शोधल्या.

दळणात कसब कोठे आहे हे आता सांगतो, कारण 'दगड काय, कोणीही कुटील' असे बोलणारे पुष्कळ भेटतात. पीठ जाड राहिले तर सोन्याचा कण गारेच्या आतच अडकून राहतो आणि धुताना गारेबरोबर वाहून जातो. म्हणून बारीक दळावे. पण फार बारीक दळले तर दुसरेच संकट उभे राहते. गार फुटते, सोने फुटत नाही. ते मऊ असल्यामुळे चेपते. जास्त दळले की त्याचे पापुद्रे होतात, वर्खासारखे, आणि असा पापुद्रा जड असूनही पाण्यावर तरंगत निघून जातो. तेव्हा भरड आणि मैदा यांच्या मधल्या कोणत्या तरी ठिकाणी हात थांबला पाहिजे. हे ठिकाण दर शिरेला वेगळे असते. ते घड्याळाने किंवा मापाने कळत नाही. पीठ चिमटीत धरून अंगठ्याने चोळले की कळते, जसे भाकरीचे पीठ आणि पुरणाचे पीठ यांतला फरक बायांना चिमटीत कळतो.

दळणाऱ्या दगडाचीही निवड आहे. मी वडिलांना विचारले, आपल्या काळ्या दगडाचे जाते गारगोटी दळील का? ते हसले. "दळंल की, पर आठ दिसांत जात्याचंच पीठ हुईल." जात्याला टाकी का लावावी लागते, हेही येथे सांगून ठेवतो, पिठाच्या गिरणीच्या पिढीला ते ठाऊक नसते. जात्याच्या दोन्ही तळ्यांच्या आतल्या बाजूला टाकीने बारीक खाचा पाडलेल्या असतात. या खाचांच्या कडा दाण्याला कातरतात आणि पिठाला बाहेर वाट करून देतात. खाचा बुजल्या की जाते नुसते घसरते. ज्वारी दळताना टाकी काही महिने टिकते. गारेपुढे ती काही दिवसही टिकायची नाही. म्हणून सोन्याच्या शिरांजवळ कठीणातला कठीण, बारीक पोताचा दगड वरवंट्यासाठी निवडीत, आणि शक्य तेथे जिवंत खडकच खालच्या तळीसारखा वापरीत.

मग धुणे. सोने गारेपेक्षा जवळजवळ सातपट जड असते. आमच्याकडे तांदळातले खडे काढण्यासाठी बाया तो पाण्यात रोळतात. भांडे हलके हलके फिरवायचे, तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात सोडायचा, आणि जड खडे तळाशी राहतात. सोन्याचे रोळणे अगदी हेच, फक्त उलट्या हेतूने. वाहून जाते ते टाकून द्यायचे आणि तळाशी राहते ते ठेवायचे.

यंत्रयुगात काय बदलले? तत्त्व फारसे बदलले नाही. मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी गोल फरसबंद खड्ड्यात गाढवांकरवी दगड ओढून धातुपाषाण दळला. चिलीत दगडी चाक उभे फिरवीत. आपल्या किल्ल्यांवर चुना मळण्याच्या घाण्याची जी चाके पडलेली दिसतात त्यांचेच ते भावंड. कोलारला आल्या त्या स्टँप मिल म्हणजे ओळीने उभी केलेली लोखंडी मुसळे. आधी वाफेवर आणि १९०२ पासून शिवसमुद्रमच्या विजेवर रात्रंदिवस कांडणारी. आज मोठ्या खाणींत लोखंडी गोळे घातलेली प्रचंड पिंपे फिरतात. १८८७ साली ग्लासगोत सायनाइडची पद्धत निघाली. तिने दगडाच्या पिठातले न दिसणारे सोनेही विरघळवून घेता येऊ लागले, आणि जुन्या लोकांनी टाकून दिलेल्या भुकटीलाही किंमत आली.

लहान प्रमाणावर सोने काढणाऱ्यांनी मात्र सायनाइडपेक्षा पारा जवळ केला. ओल्या पिठात पारा घातला की तो सोन्याचे कण गोळा करतो. मग फडक्यातून पिळून उरलेला गोळा विस्तवावर धरायचा; पारा वाफ होऊन उडतो आणि सोने राहते. ती वाफ मात्र धरणाऱ्याच्या छातीत आणि मेंदूत जाते, बहुधा घरातल्या चुलीवर, मुलेबाळे शेजारी असताना. जगात आज दीड-दोन कोटी माणसे आफ्रिका, दक्षिण अमेरिका, फिलिपाईन्स, इंडोनेशिया येथे अशा हातखाणींवर जगतात असा अंदाज आहे, आणि मानवी व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक त्यांच्या कामातून जातो. पाऱ्यावर बंधने घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ पासून अमलात आला. फिलिपाईन्सच्या बेंगेट भागातील काही खाणकरी पारा मुळीच वापरीत नाहीत. ते नीट दळतात, नीट धुतात आणि शेवटी टाकणखार घालून वितळवितात. टाकणखार आपल्या प्रत्येक सोनाराच्या पेटीत असतो. ज्याचे दळण आणि रोळणे चांगले, त्याला पाऱ्याची गरज कमी पडते, असा याचा अर्थ होतो.

दुसरे विष धुळीचे. गारेची कोरडी धूळ फुप्फुसात गेली की तेथेच रुतून बसते आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखे होते. याला सिलिकोसिस म्हणतात. भारतात या रोगाची पहिली नोंद १९४७ साली कोलारच्या खाणकामगारांत झाली. त्यावर औषध नाही. धूळ पाण्याने मारणे एवढाच उपाय. आपल्या काळ्या पाषाणात मोकळी गार फार थोडी असते, म्हणून आमच्या घरातली जाती घडवणारी माणसे म्हातारी होईपर्यंत टाकी चालवीत राहिली. तात्या मात्र ग्रॅनाइटच्या क्रशरवर आठ वर्षे होते. तोंडाला पंचा बांधून. आज ते त्रेपन्न वर्षांचे आहेत, आणि त्या खडकावरून खाली उतरताना त्यांना तीनदा बसावे लागले. त्यांच्याबरोबर कामाला असलेल्यांपैकी दोघे आता नाहीत. त्या दोघांच्याही कागदांवर क्षय असेच लिहिले होते. तात्यांचा फोटो काढल्यावर डॉक्टरांनी प्रथमच "काम काय करत होता?" असे विचारले. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला गेला पाहिजे. आमच्या महाविद्यालयातले कोणी पुढे दवाखान्यात, तहसिलीत किंवा कामगार कचेरीत नोकरीला लागले तर त्यांनी तो विचारावा, यासाठीच हा परिच्छेद लिहिला.

हट्टीपर्यंत जाणे सर्वांना जमणार नाही. ज्यांना हे काम छोट्या प्रमाणात पाहायचे आहे त्यांनी आपल्याकडच्या एखाद्या सराफ पेठेत झारेकऱ्याची वाट पाहावी. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, हात धुतलेले पाणी, फुटक्या मुशी, अगदी बसायच्या जुन्या पोत्यापर्यंत सगळे तो विकत घेतो. किती सोने निघेल हे कोणालाच दिसत नसते. सोनार आपला भाव सांगतो, झारेकरी राख चिमटीत चोळून आपला सांगतो, आणि सौदा ठरतो. पोते तो जाळून त्याची राख करतो. मुशींच्या अंगाला सोने चिकटलेले असते, म्हणून त्या आधी खलात कांडतो, मग वरवंट्याने वाटतो, चाळतो, आणि घमेल्यात पाणी घेऊन रोळू लागतो. मी पाहिले तेव्हा त्याने पहिल्या चार घमेल्यांतले काहीच ठेवले नाही. पाचव्याच्या तळाशी काळ्या वाळूच्या कडेला पिवळी रेघ आली. ती त्याने मला दाखवली, आणि मी नीट पाहून घेईपर्यंत थांबला. नंतर विचारले, "तुमच्या घरी अजून वरवंटे करतात का? हा माझा झिजला आहे." वडिलांनी त्याच्यासाठी एक घडवून ठेवला आहे, पुढच्या गुरुवारी बाजारच्या दिवशी तो न्यायला येणार आहे.